हार अहिल्यादेवींना, जोक बायकांवर?

संपादक साहेब, परवा राजवाड्यासमोर पोहे-जिलबी खात उभे होतो, तिथेच एका नेत्यांनी अहिल्यादेवींच्या पुतळ्याला हार घातला अन् दहा मिनिटांत माईकवर विरोधी पक्षाच्या बाईंच्या साडीवरून जोक सुरू, मागचे कार्यकर्ते खी खी हसतायत, माझी बारावीतली मुलगी म्हणाली, आई चल ना घरी. अहो ज्या इंदूरने सुमित्राताई महाजनांना १९८९ पासून सलग ८ वेळा लोकसभेत पाठवलं तिथे हे ऐकायचं? २०२३ ला महिलांसाठी लोकसभा-विधानसभेत ३३ टक्के आरक्षणाचा कायदा केलात, छान (लागू कधी होणार ते असो), पण त्या सीटवर बसणाऱ्या बाईबद्दल असंच बोलणार का? टीका करा की, कामावर करा. आणि ते 'बोलण्याचा विपर्यास केला' वालं पत्रक नको, त्याच माईकवर माफी मागा.

– एक वाचक, इंदूर