दहा सेकंदांच्या ईसीजीवर विसंबू नये

संपादक महोदय,

छातीत धडधडते म्हणून माझ्या आईचा ईसीजी तीनदा काढला गेला, तिन्ही वेळा तो ‘नॉर्मल’ आला आणि ‘वयोमानाने होते’ असे सांगून तिला घरी पाठवण्यात आले. साधा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांची नोंद घेतो. अधूनमधून येणारी ठोक्यांची अनियमितता तेवढ्यात सापडेलच असे नाही, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. अखेर सात दिवस छातीवर चिकटवलेल्या, ठोके सतत नोंदवणाऱ्या पट्टीने पहाटे चारच्या सुमारास होणारे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, पकडले.

या विकारात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो, म्हणून निदानातील दिरंगाई महागात पडते. हे चुकार ठोके बहुधा फुफ्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उगम पावतात, हे फ्रान्समधील बोर्दोच्या डॉ. मिशेल हेसागेर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले, आणि तेव्हापासून त्या जागा कॅथेटरने (शिरेतून हृदयापर्यंत नेलेल्या बारीक नळीने) उष्णता देऊन किंवा गोठवून निकामी करण्याचे उपचार रुळले. आता अतिसूक्ष्म काळाच्या विद्युतस्पंदांनी हेच काम होते व लगतच्या अन्ननलिकेला इजा होण्याचा धोका कमी राहतो.

ही साधने तालुक्याच्या गावी पोहोचेपर्यंत किमान रक्तदाब तपासताना साठीपुढील प्रत्येकाची नाडी मनगट धरून पूर्ण मिनिटभर पाहिली जावी, अशी आरोग्य विभागाला विनंती आहे.

– एक वाचक, सातारा