सुट्टीला निघताना घरी ठेवलेली सुकट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टवरचा लेख वाचला. तळी, मेंढ्या, दगडी पूल, मधूनच येणारी सर, सगळं अगदी तसंच आहे. गाडी कुठे बदलायची, शाकाहारी जेवण कुठे मिळेल, हेही लेखात आहे. एक गोष्ट मात्र नाही, आणि लेस्टरमध्ये १७ वर्षं राहिल्यावर मला सगळ्यात जास्त तीच विचारली जाते. "तिकडे खेड्यात आपल्यासारख्यांना कसं वागवतात गं?" गावाकडून येणारी भाचरं विचारतात, नव्यानं आलेली आयटीतली जोडपी विचारतात. मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत उभं असतानाही कुणीतरी हळूच विचारतं. त्याचं उत्तर माझ्यापुरतं द्यावं म्हणून हे पत्र.

मी राजापूर तालुक्यातली. इथे एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. लेस्टरमध्ये आमच्याकडे कुणी वळून बघत नाही. २०२१ च्या जनगणनेत या शहरात आशियाई वंशाचे लोक ४३ टक्के भरले, गोऱ्यांपेक्षा थोडे जास्तच. बेलग्रेव्ह रोडवर अळूची पानंसुद्धा मिळतात. पण शहर सोडून तासभर गाडी चालवली की चहाला उतरावं तिथे आपलंच एक कुटुंब वेगळ्या रंगाचं असतं. कुणी काही बोलत नाही. तरी मुलांना "हळू बोला" असं आपण घरापेक्षा दहा वेळा जास्त सांगतो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये आम्ही लेक डिस्ट्रिक्टमधल्या केझिक गावाजवळ एका शेतावरचं छोटं घर आठवडाभरासाठी भाड्यानं घेतलं होतं. आम्ही दोघं, १४ वर्षांची लेक, ९ वर्षांचा मुलगा आणि गावाहून आलेल्या सासूबाई. निघायचं होतं शनिवारी, १० ऑगस्टला. त्याच्या बारा दिवस आधी साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला. मारेकरी नुकताच बोटीतून आलेला परदेशी आहे अशी खोटी बातमी पसरली आणि पुढचा आठवडाभर ठिकठिकाणी दंगली पेटल्या. रॉदरममध्ये आश्रय मागायला आलेल्या लोकांना ठेवलेल्या हॉटेलला आत माणसं असताना आग लावायचा प्रयत्न झाला. आमच्या व्हॉट्सॲप गटांवर "आज या या ठिकाणी जाऊ नका" अशा याद्या फिरत होत्या. राजापूरहून भावाचा फोन आला, "ताई, यंदा घरातच बसा."

नवऱ्याचंही मन मागे आलं होतं. ७ तारखेला रात्री हजारो लोक, त्यात कितीतरी गोरे, दंगलखोरांच्या विरोधात रस्त्यावर उतरलेले टीव्हीवर पाहिले, तेव्हा थोडा धीर आला. पण निर्णय झाला तो लेकीच्या बोलण्यानं. ती म्हणाली, "आई, माझ्या मैत्रिणी सुट्टीला जाताना फक्त पाऊस पडेल का एवढंच बघतात. आपण का इतकं बघतो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सामान भरायला घेतलं.

त्या सामानाबद्दल मला लिहायलाच हवं. सासूबाईंनी गावाहून सुकट आणली होती. वास भिंतींना धरेल, घरमालकीण काय म्हणेल, म्हणून मी ती पिशवी घरीच ठेवली. फोडणीची मिसळणाची डबी घेतली, पण हिंग काढून ठेवला. आणि सासूबाईंना म्हटलं, "आई, तिकडे साडीवरून लांब कोट घाला हं, थंडी असते." ऑगस्टात एवढी थंडी नसते हे त्यांना ठाऊक होतं. त्या काही बोलल्या नाहीत, कोट घातला. गाडीत चार तास मला त्या कोटाचाच विचार येत होता. कुणी आम्हाला काही म्हणण्याआधीच मी आमच्या घरातलं निम्मं झाकून टाकलं होतं.

आता तिथे काय झालं ते.

पहिल्याच दिवशी वाटेवरच्या एका गावात चहा प्यायला गेलो. गावाचं नाव देत नाही. दार उघडलं तशी आतली बोलणी थांबली, मग पुन्हा सुरू झाली. काउंटरवरच्या बाईनं सासूबाईंशी एकेक शब्द सुटा करून मोठ्यांदा बोलायला सुरुवात केली, जणू त्यांना ऐकू येत नाही. ऑर्डर दिली तर म्हणाली, आधी पैसे द्या. दिले. थोड्या वेळानं लेकीनं माझा हात दाबला. शेजारच्या दोन्ही टेबलांवरची माणसं खाऊन उठल्यावर पैसे देत होती. एवढंच झालं. पोलिसात सांगण्यासारखं नाही आणि घरी सांगितलं तर "तुला उगाच वाटलं" असं म्हणतील. पण १४ वर्षांच्या मुलीनं ते पाहिलं आणि मला दाखवलं. माझ्या लेखी ते लहान नाही.

दुसऱ्या दिवशी शेतातून जाणाऱ्या पायवाटेवर फाटकाशी एक गृहस्थ उभे होते. "ही खाजगी जागा आहे," म्हणाले. माझे पाय तिथेच थांबले. परक्याच्या बांधावर पाय पडला तर माफी मागून मागे फिरायचं हे अंगात भिनलेलं. पण फाटकाच्या खांबावर पिवळा बाण होता. लेकीनं शाळेच्या सहलीत नकाशा वाचायला शिकलं होतं. तिनं ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी खात्याचा नकाशा उघडून हिरव्या तुटक रेघांवर बोट ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "ही सार्वजनिक पायवाट आहे." ते म्हणाले, "लोक साधारणपणे विचारतात." आणि बाजूला झाले. आमच्या मागून छोटी सॅक घेतलेलं एक वयस्क जोडपं आलं. त्यांना त्या गृहस्थांनी मान हलवून "मॉर्निंग" म्हटलं. जोडप्यानं काही विचारलं नव्हतं.

तो पिवळा बाण आपल्या लोकांना कुणी समजावून सांगत नाही, म्हणून सांगते. आपल्याकडे वहिवाटीची वाट असते ना, तशीच ही. शेत कुणाचंही असो, वाट अडवता येत नाही. आपण मामलेदार कोर्टात जातो, इथे स्थानिक परिषदेकडे अधिकृत नकाशा असतो. पिवळा बाण म्हणजे चालणाऱ्यांची वाट, निळा बाण म्हणजे घोडे आणि सायकलींनाही मुभा. अशा वाटा इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे १,४०,००० मैल आहेत. त्यावर चालायला या देशाचं नागरिकत्व लागत नाही, पासपोर्ट लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. फाटक उघडलं तर लावून घ्यायचं, मेंढ्यांना घाबरवायचं नाही, इतकंच.

हा हक्कही कुणी आयता दिलेला नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडच्या गिरणी-कारखान्यांतली काही शे पोरं पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातल्या किंडर स्काउट डोंगरावर मुद्दाम घुसली. तो डोंगर तेव्हा जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेला होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन, वय २०, रुमानियातून आलेल्या ज्यू आईबापांचा मुलगा. म्हणजे ज्या डोंगरात आम्ही "आपलं इथे काय काम" असं मनात म्हणत चालतो, तो खुला व्हावा म्हणून तुरुंगात गेलेला हा पोरगाही बाहेरून आलेल्यांच्याच घरातला होता. १९४९ ला राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला. १९५१ ला पीक डिस्ट्रिक्ट आणि त्याच वर्षी लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यान झालं. लंडनचं महाराष्ट्र मंडळही १९३२ चंच आहे. इतकी वर्षं आम्ही इथे आहोत.

कायदा आहे, तरी लोक का जात नाहीत? २०१९ साली ज्युलियन ग्लोव्हर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं सरकारला दिलेल्या अहवालात स्पष्ट म्हटलं होतं की इथला ग्रामीण भाग गोऱ्यांचाच आहे असं अल्पसंख्याकांना वाटतं आणि गोऱ्यांनाही वाटतं. २०२१ च्या नाताळात मुस्लिम हायकर्स या गटाची माणसं पीक डिस्ट्रिक्टमध्ये चालायला गेली, तर फेसबुकवर त्यांच्या फोटोखाली लोकांनी नको नको ते लिहिलं. हे वाचलेलं असतं, म्हणून आपल्या मंडळांच्या सहलीही कशा निघतात बघा. पन्नास जणांची बस, पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, विंडरमिअरला दोन तास, एक बोटीची फेरी, फोटो, रात्री परत. मुक्काम नाही. मुक्काम केलाच तर मोटारवेच्या कडेच्या हॉटेलात. खर्च हे कारण असतं, जेवणाचं असतं. पण गर्दीतून गेलं की भीती वाटत नाही, हेही असतंच. आपण ते मोकळेपणानं बोलत नाही इतकंच.

आता त्या आठवड्यातली दुसरी बाजू, कारण तीही तितकीच खरी आहे.

आमचं घर ज्यांच्या शेतावर होतं त्या बाईंच्या हर्डविक मेंढ्या होत्या. ही तिथली जात. पिल्लू काळं जन्मतं आणि वय वाढेल तसं करडं होत जातं. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई दिसेनात. बघते तर त्या कोट न घालता, नुसत्या साडीत आणि बुटात, शेताच्या गडग्याशी उभ्या. हो, गडगाच! तिथे मैलोन् मैल दगडी गडगे आहेत, चुना नाही, सिमेंट नाही. आपल्याकडे जांभा असतो, तिथे पाटीचा काळा दगड. सासूबाईंचे वडील गडगे रचायचे. एका जागी वरचे चार दगड ढासळलेले होते आणि सासूबाई ते उचलून एकेक फिरवून बघून परत बसवत होत्या. घरमालकीण कमरेवर हात ठेवून बघत होती. मी धावत गेले, माफी मागायला तोंड उघडलं, तर त्या बाई मला म्हणाल्या, "थांबा, थांबा, त्यांना करू द्या." मग त्यांनी सासूबाईंना गडग्यातला आरपार जाणारा लांब दगड दाखवला. तो दोन्ही अंगांना बांधून ठेवतो. सासूबाई म्हणाल्या, "हां, आमच्यात पण घालतात." मी भाषांतर केलं. त्यानंतर माझी फारशी गरज उरली नाही.

त्याच बाईंनी आम्हाला सांगितलं की त्यांच्या मेंढ्यांना डोंगरावर कुंपण लागत नाही. कोकरू आईबरोबर डोंगरावर हिंडतं, कुठवर चरायचं ते तिच्यामागून शिकतं आणि मोठं झाल्यावर आपल्या कोकराला शिकवतं. त्याला तिकडे 'हेफ्ट' म्हणतात. पिढ्यान् पिढ्या असंच. २००१ साली लाळ्या-खुरकुताची साथ आली, कळपच्या कळप मारावे लागले, तेव्हा लोकांना मेंढ्यांइतकीच चिंता याची होती की डोंगर ओळखणारी आईच गेली तर पुढच्या मेंढ्यांना कोण शिकवणार. हे ऐकताना माझी मुलं माझ्या दोन बाजूंना उभी होती. फाटकाशी मी थांबले होते आणि माझ्या लेकीनं मला पुढे नेलं होतं, ते मला आठवलं.

शेवटच्या दिवशी आम्ही पाचही जण डर्वेंटवॉटर तळ्यातल्या लाँचमध्ये बसलो. सासूबाई आणि नवरा काठावर थांबले, मी मुलांना घेऊन कॅटबेल्सवर चढले. ४५१ मीटर, आपल्या एखाद्या लहान गडाएवढं, शेवटी थोडा हात लावून चढायचा कातळ आहे. वर बारा-पंधरा जण होते. एका आजोबांनी मुलाला चॉकलेट दिलं आणि विचारलं, "कुठून आलात?" मी म्हटलं, "लेस्टरहून." ते म्हणाले, "लांबून आलात, रस्ता कसा होता?" पुढचा "मूळचे कुठले?" हा प्रश्न आलाच नाही. एवढ्याशा गोष्टीनं मला किती हलकं वाटलं.

एक गोष्ट आपल्या घरचीही लिहिते, नाहीतर हे पत्र खोटं होईल. माझ्या एका चुलतभावाचा आमच्या गावाजवळ होमस्टे आहे. लेक डिस्ट्रिक्टहून परत आल्यावर त्याला हे सगळं सांगितलं, तो फार चिडला. "एवढं शिकलेले लोक आणि असे वागतात?" त्याच बोलण्यात पुढे म्हणाला की मागच्या आठवड्यात मुंब्र्याहून एका कुटुंबाचा फोन आला होता, नाव ऐकून त्यानं खोल्या भरल्या आहेत म्हणून सांगितलं. भरल्या नव्हत्या. मी विचारलं, "मग त्या चहावालीत आणि तुझ्यात फरक काय?" तीन महिने तो माझ्याशी बोलला नाही. आता बोलतो, पण तो विषय निघाला की फोन ठेवतो.

आपल्या पुरवणीकडे माझी एक मागणी आहे. परदेशातल्या खेड्यापाड्यांवर लिहिताना वाचकाला पिवळ्या बाणाचा अर्थ सांगा. पायवाटेवर कुणी अडवलं तर तिथेच वाद न घालता जागा टिपून ठेवून स्थानिक परिषदेला कळवता येतं, शिवीगाळ झाली तर पोलिसांकडे तो द्वेषाचा गुन्हा म्हणून नोंदवता येतो, हे सांगा. ज्यांनी असे मुक्काम केले आहेत त्यांना लिहायला बोलवा, बरं-वाईट दोन्ही. आणि कोकणातल्या, सह्याद्रीतल्या होमस्टेंवर पानं भरताना, तिथे कुणाला खोली मिळते आणि कुणाला मिळत नाही हेही एकदा विचारा.

आम्ही यंदा त्याच शेतावर पुन्हा जातोय. सासूबाईंच्या व्हिसाचे कागद दिले आहेत. त्यांनी फोनवर दोनच गोष्टी विचारल्या: तो गडगा पावसाळ्यात टिकला का, आणि या खेपेला सुकट घ्यायची ना? मी घ्या म्हटलंय.

आपली,
एक वाचक, लेस्टर
(मूळ राजापूर तालुका, जि. रत्नागिरी. कृपया नाव छापू नये.)