आपत्ती व्यवस्थापन वस्तीपर्यंत यायला हवं

मा. संपादक,

पूर्वी आपत्ती व्यवस्थापन म्हणजे पूर-भूकंप झाला की धान्य नि ब्लँकेटं वाटणं, एवढंच. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर आपल्याकडे विचार बदलत गेला, २००५ ला कायदा आला, मग एनडीआरएफ म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभं राहिलं, आता भर धोका आधीच कमी करण्यावर आहे आणि हे फार चांगलं झालं. अभ्यासकांनी हेही दाखवलंय की संकटात लोक सहसा सैरावैरा पळत नाहीत, पहिली मदत शेजारीच करतात. सप्टेंबर २०२३ ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा आम्ही हेच पाह्यलं ना, पहाटे अंधारात घरात पाणी, फ्रिज तरंगतोय, अन् तळमजल्यावरच्या आजींना वरच्यांनीच चादरीत धरून जिन्यानं वर नेलं, बोटी नंतर आल्या.

नागरी संरक्षणाचं राष्ट्रीय कॉलेज १९५७ ला आपल्याच नागपुरात सुरू झालं, फायर सर्व्हिस कॉलेजही इथंच, देशभरातून लोक शिकायला येतात, मग नाग नदीकाठच्या पोरांना दोर बांधणं तरी शिकवा की! पावसाळ्याआधी प्रत्येक वस्तीत ड्रिल घ्या, मेन स्विच कोणी बंद करायचा, म्हाताऱ्यांना कुठं न्यायचं, हे ठरवून द्या.

– एक वाचक, नागपूर