अंध क्रिकेटला डीजे नको

मा. संपादक,

अंध क्रिकेटचे सामने भरवणाऱ्या मंडळांनी उत्साहाच्या भरात मैदानाकडेला डीजे लावू नये. हा खेळ कानावर चालतो. प्लास्टिकच्या चेंडूतले छर्रे वाजतात ते चेंडू घरंगळताना. म्हणूनच गोलंदाजी खांद्याखालून आणि पहिला टप्पा खेळपट्टीच्या गोलंदाजाकडच्या अर्ध्या भागातच. गोलंदाज ‘रेडी?’ विचारतो, फलंदाजाच्या ‘येस’नंतर ‘प्ले’ म्हणत चेंडू सोडतो. या हाकाच ऐकू आल्या नाहीत तर पंच तरी काय करणार? थांबलेला चेंडू मुका होतो, त्यामुळे गवत बारीक कापलेलेच हवे. अकरांत किमान चार खेळाडू बी-१, म्हणजे पूर्ण अंध, असतात. त्यांची प्रत्येक धाव दुप्पट मोजतात. गुणलेखकाला हे आधीच सांगून ठेवा. टाळ्या जरूर वाजवा, पण चेंडू डेड झाल्यावर.

– अंध क्रिकेटचे प्रशिक्षक, पुणे