शिलेदार की मास्तर?

खानापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. निपाणीच्या शाळेत रुजू झालास, तेही मराठी विषयाला, वाचून फार बरं वाटलं. सत्कारात तुला ‘सीमाभागातला मराठीचा शिलेदार’ म्हटलं आणि रात्री झोप लागली नाही, असं लिहिलंयस. ‘मी शिलेदार की मास्तर?’ हा तुझा प्रश्न माझाही आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

त्या शिलेदारीला हलकं लेखू नकोस. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राची मागणी झाली, १९५६ ला आपला मुलूख म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेला, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. आपल्या वाडवडलांनी यासाठी लाठ्या खाल्ल्या. मराठी शाळा टिकावी असं मलाही पोटतिडकीनं वाटतं. पण पोरं तिथं चांगलं शिकली तरच ती टिकणार. आठवीतल्या पोराला उतारा वाचून त्यातलं चार वाक्यांत सांगता येत नसेल, तर आपल्या अभिमानाचा त्याला काय उपयोग?

आणि वर्गात बसतं कोण तेही बघ. एसएसएलसीला, म्हणजे इथल्या दहावीच्या परीक्षेला, मराठी ‘प्रथम भाषा’, १२५ गुणांची. पण माझ्याकडे कणकुंबीच्या बाजूची काही पोरं घरी कोकणी बोलतात, कुणाच्या घरात कन्नड, कुणाच्या उर्दू. उरलेल्यांची मराठीही पुस्तकातली नव्हे. पावसाळ्यात नववीतल्या एका मुलीनं निबंधात लिहिलं, ‘आई तरवा काढुलालीय, बाबा चिखल करूलालेत.’ मी लाल रेघ मारली नाही. शेजारी पेन्सिलीनं ‘आई भाताची रोपं काढतेय, बाबा चिखल करताहेत’ असं पुस्तकी रूप लिहिलं आणि वर्गाला विचारलं, घरी कसं सांगाल, पेपरात कसं लिहाल? तास बघता बघता संपला. एरवी तोंड न उघडणारा मागच्या बाकावरचा पोरगा उठला, फळ्यापाशी आला आणि औत कुठून घालायचं, बांध कुठं फोडायचा, सगळं खडूनं काढून सांगून गेला. मग तेच त्यानं वहीत लिहिलं, दीड पान. मी भाषेचा शिक्षक आहे हे मला अशा तासाला पटतं, सत्काराच्या शालीनं नाही.

आमच्या कन्नडच्या टीचर माझ्या तासाला येऊन बसतात, मी त्यांच्या. सुरुवातीला दोघांनाही अवघड वाटायचं. आता आम्ही अर्जलेखन एकाच आठवड्यात घेतो. वाडीतल्या नळाला पाणी येत नाही म्हणून पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना (पीडीओ) अर्ज कन्नडमधून, आणि पुण्यात कामाला असलेल्या काकाला तीच हकिकत मराठीतून. पोरांना कळतं की लिहिण्यानं काम होतं. धारवाडचे बेंद्रे आठव. घरची भाषा मराठी, पेशानं शिक्षक, आणि कन्नड कवितेसाठी १९७३ चं ज्ञानपीठ. त्यांनी मराठीतही लिहिलं. आपल्या मातीत हे होऊ शकतं, याचा मला फार आधार वाटतो.

१ नोव्हेंबरला तुझीही परीक्षा होईल. एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे आपला मुलूख तिकडे गेल्याच्या निषेधाचा मराठी माणसांचा काळा दिवस. दुसऱ्या दिवशी पोरं विचारतातच, ‘सर, तुम्ही कुणाकडचे?’ टाळू नकोस. मी सांगतो, मराठी माझी आहे, ती तुम्हाला नीट वाचता-लिहिता यावी म्हणून मी इथं उभा आहे. आणि कन्नडही तितकीच पक्की करा, ती येत नाही म्हणून कचेरीत कुणापुढं मान खाली घालायची वेळ तुमच्यावर येऊ नये. काही पालकांना हे रुचत नाही. त्यांच्या घरी जाऊन बसतो, पोराची वही दाखवतो. वही बघितली की बोलणं सोपं होतं.

लेसन नोट साहेबांसाठी असते, ती लिहावीच लागेल. पण एक वही स्वतःसाठी ठेव. आज कोण बोललं, कोण गप्प राहिलं, कुठल्या ओळीवर वर्ग अडला, एवढंच. वर्षभरानं ती वाचलीस की आपण कसले मास्तर होतोय ते तुझं तुलाच दिसेल. मला दिसलं, आणि शिकवण्याची पद्धत त्यानंच बदलली.

दिवाळीच्या सुट्टीत ये. येताना पोरांच्या निबंधाच्या चार-पाच वह्या आण, कच्च्या पोरांच्याही. टीचरनाही बोलावतो, तिघं बसून तपासू. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
खानापूरचा मास्तर