चि. मीनूस, बोस्नियातल्या बिहाचच्या पत्त्यावर

नागपूर, तान्हा पोळा

चि. मीनू, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोललो ते बोलायला नको होतं. "जगाचे मुडदे मोजून झाले, आता घरचे मोजणार का?" असं बापाने लेकीला म्हणू नये. तू फोन ठेवलास ते बरोबरच केलंस. आई तेव्हापासून माझ्याशी भाजीपुरतंच बोलून राहिली. म्हणून हे पत्र. डिसेंबरात परतल्यावर तू 1927 ची नागपूरची हिंदू-मुसलमान दंगल अभ्यासाला घेणार, त्याबद्दल यात अक्षर काढायचं नाही असं ठरवून बसलो आहे. बिहाचच्या कामापुरतंच लिहितो.

पाठवलेलं प्रकरण दोनदा वाचलं. बोस्नियातलं ऊना नदीकाठचं कुलेन वाकुफ गाव, सप्टेंबर 1941, दोन दिवस आणि दोन रात्री, सुमारे 2,000 माणसं, आणि मारणारे शेजारी. तू त्या दोन दिवसांपासून सुरुवात न करता आधीचे पाच महिने मांडलेस, तिथेच तुझा अभ्यास दिसला. 10 एप्रिलला क्रोएशियाचं नवं राज्य जाहीर होतं. उस्ताशांच्या, म्हणजे तिथल्या कट्टर राष्ट्रवाद्यांच्या, हाती बंदूक आणि कचेरी दोन्ही येतात. त्यांच्यात गावचे काही मुसलमानही असतात. उन्हाळ्यात सर्ब शेतकऱ्यांना मारून डोंगरातल्या खोल विवरांत टाकतात, जुलैअखेर सर्बांचा उठाव होतो, आणि त्याचा सूड मुसलमान शेजाऱ्यांवर निघतो. शतकांचं वैर होतं म्हणून झालं, असं म्हणणाऱ्याला एवढंच विचारावं, की मग मार्चात काहून नाही झालं?

एका जागी मात्र पकड सुटली. पान 31 वर तू सरसकट "सर्बांनी मारलं" लिहिलंस. त्याच बंडवाल्यांत "थांबा" म्हणणारेही होते, हे तूच सहा पानांनंतर लिहितेस. मग 31 वर कोणती तुकडी, कोणत्या गावची माणसं, ते लिही. कागद तेवढं सांगत नसेल तर नुसतं "बंडवाले" लिही. जमातीचं नाव पुरावा असेल तिथेच. इथल्या कामात तर हे शंभरदा जपावं लागेल, कारण इथे त्या नावाची माणसं… जाऊ दे.

जमातीच्या रकान्याबद्दल आणखी थोडं. रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकं, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, हाताळणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, की रकाना मेलेला माणूस भरत नाही, लिहिणारा भरतो. युगोस्लाव्हियाच्या 1931 च्या शिरगणतीतून धर्म आणि मातृभाषा तेवढी कळते. बोस्नियातला तोच मुसलमान शेतकरी 1948 मध्ये "अनिर्धारित मुस्लिम" झाला, 1953 मध्ये "अनिर्धारित युगोस्लाव्ह", 1961 मध्ये वांशिक अर्थाने मुस्लिम, 1971 मध्ये राष्ट्रीयत्वाने मुस्लिम, आणि 1993 नंतर बोस्नियाक. घर तेच, शेत तेच. तेव्हा 1941 च्या माणसाला तक्त्यात आजचं नाव चिकटवू नकोस. दोन रकाने कर, एकात मूळ कागदातला शब्द जसाच्या तसा, दुसऱ्यात तुझा. एकच केलास तर वर्षभराने कोणता शब्द कोणाचा हे तुलाच सांगता यायचं नाही.

आकड्यांचं काम तू उरकून टाकलंयस. तिथे थांब जरा. महायुद्धानंतर युगोस्लाव्हियाने 17 लाख बळी सांगितले. तो लोकसंख्येतल्या घटीचा हिशोब होता, त्यात न जन्मलेली मुलंही आली आणि देश सोडून गेलेलेही. छापताना मात्र सगळे "मृत" झाले. 1964 मध्ये गावोगाव नावं गोळा केली तर भरली 5,97,323. पण त्या यादीत विरुद्ध बाजूने लढून मेलेले धरलेच नव्हते, आणि सरकारने ती वर्षानुवर्षं दाबून ठेवली. पुढे 1980 च्या दशकात दोन अभ्यासकांनी वेगवेगळा हिशोब केला, तो दोघांचाही 10 लाखांच्या थोडा वर आला. म्हणजे पहिला आकडा फुगलेला, दुसरा कापलेला, आणि दोन्ही सरकारीच. ज्याला भांडायचं त्याने आपल्या सोयीचा उचलला. बोस्नियातल्या 1992 ते 95 च्या लढाईचंही तेच. दोन लाख, दोन लाख म्हणत होते. सारायेव्होच्या संशोधन केंद्राने नावानिशी मोजले तेव्हा 2007 मध्ये 97,207 भरले.

नावानिशी मोजायचं तर बापाचं नाव आणि जन्मसाल हवंच. एकच माणूस गावच्या यादीत, निर्वासितांच्या यादीत आणि सैन्याच्या यादीत, असा तीनदा मरतो. त्यात एक यादी सिरिलिकमध्ये आणि दुसरी लॅटिनमध्ये, म्हणजे आपल्याकडे एक कागद मोडीत अन् एक बाळबोधीत असावा तसं. एकच नाव दोन लिप्यांत दोन माणसं होऊन बसतं. आधी सगळं एका लिपीत आण, मग बापाच्या नावाने लाव, मग गावाने. गावाने आधी लावलंस तर घर सोडून पळालेले दोनदा मोजले जातील.

बस्ता, म्हणजे कागदांचं गाठोडं, सोडायच्या आधी गाठीसकट फोटो घे. कागदांचा क्रम कितीही वेडावाकडा असो, लावून ठेवायला जाऊ नकोस. तो क्रम कोणीतरी काही कामासाठी लावलेला असतो. घटनेची तारीख आणि लिहिल्याची तारीख वेगळ्या टिप. साक्ष 1946 ची असेल तर विचारणारा कोण आणि छापील फॉर्मवर प्रश्न काय, ते आधी बघ. युद्धानंतरच्या तपास आयोगाचं नावच "आक्रमक आणि त्यांचे साथीदार" यांच्या गुन्ह्यांबद्दल होतं. कुलेन वाकुफमध्ये मारणाऱ्यांतले काहीजण पुढे पार्टिझन झाले, म्हणजे टिटोच्या कम्युनिस्ट फौजेत गेले, आणि युद्धानंतर सत्ता त्यांचीच आली. मग त्या मेलेल्यांची नोंद कोणत्या फॉर्मवर व्हायची? वर त्या राजवटीची "बंधुता आणि एकता" ही घोषणा. तुला तिथे कागद कमी सापडतात ते हरवले म्हणून नाही, फॉर्मच नव्हता म्हणून. हे तुझ्या प्रस्तावनेत यायला पाहिजे, तळटीपेत नाही.

मास्तरकी झाली खरी. माफ कर. तुझ्या गाइडला यातलं सगळं माहीत असणार.

आज मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली. "ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत!" इतवारीत यंदाही मुंगी शिरायला जागा नव्हती. तू पाच वर्षांची असताना खांद्यावर बसून विचारलं होतंस, ही बाई ईडा पीडा कुठे नेऊन टाकते? टाकलेली मग कोणाच्या गावाला जाते? बाजूचे लोक हसले होते. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

आणि बघ, आलोच शेवटी तिथे. मीनू, कुलेन वाकुफमध्ये तू पाहुणी. कॉफी देतात, बोलतात नाहीतर गप्प बसतात, तू बिहाचला परत येतेस. इथे नागपूरच्या महाल भागात दारातच विचारतील, कोणाची गं तू? उत्तर दिलंस की अर्धे बोलणार नाहीत आणि उरलेले तुला ऐकायचं तेच सांगतील. 1927 चं पाहिलेलं आता कोणी नाही. नातवंडं आहेत, आणि ती त्याच गल्लीत राहतात. आजोबाचं नाव छापून आलं तर नातवाचं दुकान बंद होऊ शकतं. युगोस्लाव्हियाच्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या हेगच्या न्यायालयातसुद्धा धोका असलेल्या साक्षीदाराला खोटं नाव देत. आपल्या गल्लीत खोटं नाव दिलं तरी घर कळतं. पेशा आणि घराचा कोपराही बदलावा लागेल.

करणारच असशील तर दिल्लीपासून सुरू कर. राष्ट्रीय अभिलेखागारात गृहखात्याचे पंधरवडी अहवाल आहेत, मध्य प्रांताचेही. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा वाचून थांबू नकोस. पहिला अहवाल घाईत लिहिलेला असतो, दवाखान्यात नंतर दगावलेले पुढच्या पंधरवड्यात येतात. 1923 चा दिंडीचा वादही काढ, मशिदीपुढे वाद्यं वाजवायचा. चार वर्षं आधीचे कागद तुला 27 पेक्षा जास्त सांगतील. कागद पुरे झाले की मग माणसं. आणि माणसांकडे एकटी जाऊ नकोस. एवढंच म्हणायचं होतं परवा, तोंडातून भलतंच निघालं.

तुझा प्रबंध वाचनालयातल्या देशपांड्यांनी मागून नेला. तीन आठवडे झाले, परत दिला नाही. चौघांनी वाचला म्हणतात.

तुझा,
बाबा

ता. क. मार्च 2025 मध्ये इथे दंगलीनंतर संचारबंदी लागली तेव्हा तू सांगितलं होतंस, कात्रणं करू नका, अख्खं पान ठेवा. ठेवली आहेत. चार वर्तमानपत्रं, सतरा दिवस, आवृत्तीचं नाव आणि पान क्रमांक दिसेल अशी, जाहिरातींसकट. पहिल्या दिवशीच्या बातमीत पुढे जिथे जिथे बदल झाला तिथे चिठ्ठी घातली आहे, पानावर पेन्सिलसुद्धा लावली नाही. घड्या न घालता दोन पुठ्ठ्यांमध्ये, सुती रुमालात बांधली. प्लास्टिकमध्ये ओल धरते. आईने कडुलिंबाचा पाला घालायला काढला होता, नको म्हटलं, डाग पडतात. बस्त्यावर नाव काय लिहावं ते ठरेना, म्हणून नुसत्या तारखा लिहिल्या आहेत.