केज विचारा, मग कॅसेट घ्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थंडी पडली की तोरणमाळला सायकलवर गेलेल्या मंडळींचे फोटो आपल्या दैनिकात छापून येतात. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, मागे यशवंत तलाव. फोटो झकास असतात. त्यातल्याच काही सायकली सोमवारी सकाळी माझ्या दुकानापुढे उभ्या असतात, ते मात्र कुठे छापून येत नाही. म्हणून हे पत्र.

शहाद्यात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांच्या काळात दूधवाल्यांच्या आणि शाळेतल्या पोरांच्या सायकली यायच्या. पंक्चर, आरे, फ्रीव्हील, यापलीकडे फारसं काम नसायचं. आता डॉक्टर, गुरुजी, बँकेतले साहेब बारीक टायरच्या रोड बाइक घेऊन येतात. गाऱ्हाणं एकच असतं, “घाटमा जमत नही, भाऊ.” आणि उपायही तेच सांगतात: मोठी कॅसेट लावून द्या, ऑनलाइन मागवून ठेवलीय. कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा गठ्ठा.

गाऱ्हाणं खरं आहे. त्यात पायांचा दोष नाही. बऱ्याच रोड बाइकना पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या आणि मागे ११ ते २८ ची कॅसेट येते. सर्वांत हलक्या गियरवर, म्हणजे पुढे ३४ आणि मागे २८ वर, पेडलच्या एका फेरीत सायकल अडीच मीटर पुढे सरकते. मिनिटाला ६० फेऱ्या ठेवायच्या म्हटल्या तर ताशी नऊ किलोमीटरच्या वर वेग धरावा लागतो. म्हसावद, राणीपूर मागे टाकून सातपायरी घाटाच्या वळणांना लागलं की हा वेग कॉलेजातली पोरं धरतात, पन्नाशीतल्या गुरुजींना तो धरवत नाही. फेऱ्या चाळिसावर येतात आणि गुडघे बोलायला लागतात. तिथे मागे ३४ ची चकती असेल तर एका फेरीला दोन मीटरच्या जरा वर अंतर कापलं जातं आणि साडेसातच्या वेगानेही पाय गोल फिरत राहतात. कार्बनच्या फ्रेमवर चाळीस-पन्नास हजार जास्त घालवून वाचते ती किलो-दीड किलो. घाटात तिचा उपयोग या सहा दात्यांपुढे काहीच नाही, हे मी तोंडावर सांगतो. काहींना राग येतो.

पण ती चकती पेलतो मागचा डीरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. त्याचे दोन आकडे असतात आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. पहिला आकडा म्हणजे मागची मोठ्यात मोठी किती दात्यांची चकती त्याच्या वरच्या छोट्या चाकाला घासणार नाही. दुसरा म्हणजे तो किती ढिली चेन ओढून धरू शकतो. याला कपॅसिटी म्हणतात. हिशोब चौथीच्या पोरालाही येईल. पुढच्या दोन चकत्यांमधला फरक आणि मागच्या सर्वांत मोठ्या-लहान चकत्यांमधला फरक यांची बेरीज करायची. ५० वजा ३४ म्हणजे १६, आणि २८ वजा ११ म्हणजे १७, झाले ३३. मागे ११-३४ लावली की १६ अधिक २३, म्हणजे ३९.

आता शिमानो कंपनीचा १०५ नावाचा डीरेलर घ्या, ११ स्पीडचा (मागे ११ चकत्यांचा) आर७०००. त्याची केज, म्हणजे चेन ओढून धरणारा दोन छोट्या चाकांचा खालचा हात, दोन लांबींत येते. आखूड केजच्या डीरेलरच्या नावापुढे एसएस असतं. तो ३० दात्यांपर्यंत चालतो, कपॅसिटी ३५. लांब केजचा तो जीएस, ३४ दाते आणि ३९. त्याच कंपनीच्या अल्टेग्रा आर८००० चे आकडेही हेच. त्याआधीचा १०५, ५८०० मालिकेचा, आखूड असेल तर २८ वरच थांबतो आणि लांब असला तरी ३२ पर्यंतच. नवी १२ स्पीडची १०५ आली तेव्हा कंपनीने हा घोळच मिटवला, एकाच केजमध्ये ३६ दाते बसतात. पण आपल्याकडे ज्या सायकली फिरतात, त्यात सेकंडहँड बऱ्याच, आणि त्यांवर जुनाच माल आहे. मॉडेल नंबर डीरेलरवर कोरलेला असतो. सायकल आडवी करा, फडक्याने ग्रीस पुसा, मोबाइलच्या उजेडात वाचा.

आखूड केजवर ३४ ची कॅसेट आणि चेन मात्र जुनीच ठेवली तर काय होतं, ते धडगावकडच्या एका शिक्षकांच्या सायकलीवर पाहिलं. कॅसेट त्यांना मोठ्या शहरातल्या एका दुकानाने बसवून दिली होती, “चालून जाईल” म्हणत. चढ सुरू झाला तेव्हा पुढे मोठीच चकती राहिली होती. घाईत मागेही मोठी पाडली. चेन अंगणातल्या वाळत घालायच्या तारेसारखी ताणली गेली, डीरेलर पुढे खेचला गेला, हँगर वाकला आणि पुढच्या फेरीला सगळं आऱ्यांत. हँगर म्हणजे फ्रेमला डीरेलर धरून ठेवणारा ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा. तो मुद्दाम नरम करतात, म्हणजे तो मोडावा आणि फ्रेम वाचावी. पण प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा, आणि शहाद्यात तो मिळायची सोय नाही. कुरिअर येईपर्यंत सायकल माझ्या भिंतीला टेकून, आणि गुरुजी एसटीने शाळेला.

म्हणून चेन नेहमी मोठ्या-मोठ्या जोडीवर मोजायची: डीरेलरमधून न नेता दोन्ही मोठ्या चकत्यांवरून फिरवायची आणि वर दोन कड्या जास्त ठेवायच्या. मग कपॅसिटी थोडी कमी पडली तरी पुढे लहान-मागे लहान या जोडीवर चेन लोंबते, एवढंच. ती जोडी कुणी वापरूच नये. लोंबलेल्या चेनने खडखड होते, ताणलेल्या चेनने हाड मोडतं.

दोन जुगाडांबद्दल नेहमी विचारणा होते. डीरेलरवरचा बी-स्क्रू आत पिळला की डीरेलर खाली उतरतो आणि एखाद-दुसऱ्या दात्याची जागा होते, हे खरं. पण लहान चकत्यांवर गियर मग आळसावतो, बटण दाबून वाट बघावी लागते. दुसरा जुगाड हँगर लांबवणाऱ्या पट्टीचा. तिने मोठी चकती घासायची थांबते, पण कपॅसिटी तीळभरही वाढत नाही. ही पट्टी विकणारे हे दुसरं वाक्य गिळतात.

शिमानोच्याच ८-९ स्पीडच्या क्लॅरिस-सोरावाल्यांचं मात्र स्वस्तात काम होतं. माउंटन बाइकचा ९ स्पीडपर्यंतचा लांब केजचा डीरेलर, डिओर किंवा अलिव्हिओ, त्यांच्या शिफ्टरला (हँडलवरच्या गियर बदलायच्या बटणाला) चालतो, कारण केबल ओढायचं प्रमाण एकच आहे. १० स्पीडपासून माउंटन बाइकचं प्रमाण बदललं, तो डीरेलर रोडच्या शिफ्टरला जोडू नये. टियाग्रा ४७०० या रोडच्या मालिकेचंही तसंच: १० स्पीड लिहिलंय म्हणून जुन्या १० स्पीडचा डीरेलर तिच्या शिफ्टरशी जुळत नाही. हा फरक न सांगता माल विकणारे आहेत. गियर एक सोडून दुसऱ्यावर उडायला लागले की गिऱ्हाईक माझ्याकडे येतं आणि केबल बदला म्हणतं.

आता खानदेशाचं म्हणाल तर आपला मुलूख दोन तऱ्हेचा आहे. तापीकाठी शहादा ते प्रकाशा रस्ता सपाट, समोरून वारा असला तर दिवसभर एकाच वेगाने पाय फिरवायचे. आणि त्याच तालुक्यातून उत्तरेला वळलं की सातपुडा. चाळीसगावकडच्यांना कन्नडचा औट्रम घाट, तळोद्याहून धडगावला जाणाऱ्यांना चांदसैली. ११-३४ कॅसेटमध्ये ११, १३, १५, १७ अशा उड्या आहेत. सपाटीवर वाऱ्यात १२ आणि १४ ची आठवण येते, त्या चकत्या ११-२८ मध्ये असतात. कायम ३४ च लावून ठेवा असं मी कुणाला म्हणत नाही. डीरेलर जीएस घ्या. तो २८ पासून ३४ पर्यंत दोन्ही पेलतो. चेन ३४ च्या मापाने ठेवा आणि कॅसेट दोन ठेवा. लॉकरिंगचं टूल आणि चेन व्हिप ही कॅसेट खोलायची दोन हत्यारं असतील तर बदलायला चहा उकळेपर्यंतचा वेळ लागतो. ज्यांना एकच परवडते त्यांनी ११-३२ घ्यावी, ११ ते १४ चारही चकत्या मिळतात आणि चढाला बरंच बळ येतं. ५८०० लांब केजवालेही ती लावू शकतात.

जळगाव, धुळे, नाशिकच्या विक्रेत्यांना एकच विनंती. सायकलीला लावलेल्या माहितीच्या पट्टीवर वजन आणि फ्रेमचं नाव मोठ्या अक्षरात लिहिता, त्याखाली डीरेलरची केज आणि कपॅसिटीचा आकडा लिहायला शाई किती लागते? बिलावरही लिहा. वाचकांनी तो मागून घ्यावा. ऑनलाइन कॅसेट मागवली असेल तर डबा फोडण्याआधी डीरेलरवरचा नंबर वाचून घ्यावा, फोडलेला डबा कुणी परत घेत नाही.

आपला विश्वासू,
एक सायकल मिस्त्री
शहादा, जि. नंदुरबार